यंत्राने खूण केली, पुढे काय?

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात खोकल्याची तक्रार घेऊन एखादा माणूस येतो. छातीचा एक्स-रे निघतो आणि थोड्याच वेळात पडद्यावरच्या करड्या चित्रात उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाभोवती एक रंगीत चौकट उमटते. केंद्रात क्ष-किरणतज्ज्ञ नसतो. चौकट आखलेली असते संगणकाने. गोव्याच्या सरकारी आरोग्य केंद्रांत छातीच्या एक्स-रेमधील संशयास्पद गाठी हेरण्यासाठी मुंबईच्या क्यूअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली ॲस्ट्राझेनेका या औषध कंपनीच्या सहकार्याने वापरात आली, तेव्हापासून हे दृश्य राज्याला अपरिचित राहिलेले नाही. क्षयरोग निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेतही हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि त्यांना जोडलेल्या अशाच प्रणाली गावोगाव फिरत आहेत. अशा योजनांच्या बातम्यांत किती जणांची तपासणी झाली, हा आकडा पुढे असतो. चौकट उमटलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा आकडा क्वचितच ऐकू येतो. आणि या तंत्रज्ञानाचा गेल्या पाव शतकाहून अधिक काळाचा इतिहास पाहिला, तर त्याच्या यशापयशाचा निकाल नेमका तिथेच लागत आला आहे.

मुळात ती चौकट म्हणजे निदान नव्हे. आधी तज्ज्ञांनी तपासलेल्या असंख्य चित्रांवर शिकवलेली प्रणाली नव्या चित्रातील छायांची त्यांच्याशी तुलना करते आणि संशयाचे प्रमाण सांगणारा एक अंक काढते. हा अंक ठरावीक उंबरठ्याच्या वर गेला की चौकट उमटते. खाली राहिला की चित्र 'निर्दोष' म्हणून पुढे सरकते. उंबरठा खाली आणला तर आजारी माणूस सहसा निसटत नाही, पण निरोगी माणसे मोठ्या संख्येने पकडली जातात. वर नेला तर उलटे घडते. हा उंबरठा निसर्गाने ठरवून दिलेला नाही. पुढच्या तपासण्यांची सोय किती आहे, पैसा किती आहे आणि कोणती चूक अधिक महाग पडेल, याचा विचार करून तो कुणीतरी निवडतो. म्हणून तो वरवर तांत्रिक दिसला तरी वस्तुतः प्रशासकीय, आणि काहीसा नैतिकही, निर्णय आहे.

या निवडीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते अमेरिकेने स्तनांच्या कर्करोगाच्या बाबतीत अनुभवले. मॅमोग्राफीच्या चित्रांत संशयाच्या जागी खुणा करणाऱ्या 'इमेजचेकर' या प्रणालीला तेथील अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये मान्यता दिली. सुरुवातीचे प्रयोग उमेद वाढवणारे होते. पुढे कर्करोग झाल्याचे ठाऊक असलेल्या स्त्रियांची जुनी चित्रे यंत्रासमोर ठेवली, तर तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या अनेक जागा यंत्राने बरोबर दाखवल्या. ज्येष्ठांच्या आरोग्य खर्चाचा भार उचलणारी मेडिकेअर ही सरकारी योजना या वापरासाठी वेगळे शुल्क देऊ लागली आणि मग प्रसाराला वेळ लागला नाही. दहाएक वर्षांत त्या देशातील बहुसंख्य मॅमोग्राम या यंत्राच्या नजरेखालून जाऊ लागले.

२००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४३ केंद्रांतील ४,२९,३४५ मॅमोग्रामांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या केंद्रांनी यंत्र बसवले होते, तेथे निरोगी स्त्रीला निरोगी म्हणून ओळखण्याचे प्रमाण ९०.२ टक्क्यांवरून ८७.२ टक्क्यांवर घसरले होते. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ज्या तपासणीला येणाऱ्या हजार स्त्रियांपैकी जेमतेम चार-पाच जणींना कर्करोग असतो, तेथे हे तीन टक्के म्हणजे आणखी सुमारे तीस निरोगी स्त्रियांना 'पुन्हा या, शंका आहे' असे सांगणे होय. गाठीचा तुकडा काढून तपासण्याचे प्रमाण जवळपास २० टक्क्यांनी वाढले. आणि पदरात काय पडले? हजारी सापडणाऱ्या कर्करोगांचा आकडा ४.१५ होता, तो ४.२० झाला. २०१५ मध्ये जवळपास सव्वातीन लाख स्त्रियांचा आणखी मोठा अभ्यास आला, तेव्हा उरलीसुरली आशाही मावळली. यंत्रासह वाचलेल्या चित्रांत ८५.३ टक्के कर्करोग पकडले गेले, यंत्राविना वाचलेल्यांत ८७.३ टक्के. अभ्यासकांनी हिशेब मांडला, तो वर्षाला चाळीस कोटी डॉलरहून अधिक खर्चाचा होता.

यंत्राने गाठी शोधल्या नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने फार शोधल्या. एकेका तपासणीवर अनेक खुणा पडत आणि त्यांतील बहुतेक निरर्थक असत. शंभर खुणांतील नव्याण्णव फुसक्या निघाल्या की शंभरावीकडे डोळा त्याच कंटाळ्याने पाहतो. सतत 'वाघ आला' म्हणून ओरडणाऱ्या गुराख्याची गोष्ट रुग्णालयातही खरी ठरते. उलट, यंत्राने खूण केली नाही म्हणून तज्ज्ञही निर्धास्त राहिला, असेही घडत असावे. शुल्क मात्र दोन्ही वेळा आकारले जात होते.

हा इतिहास जाणणाऱ्यांनी नव्या पिढीच्या प्रणालींकडे संशयाने पाहिले, ते योग्यच होते. तरीही त्यांचे निकाल वेगळे लागले आहेत. जुन्या यंत्राला कर्करोग कसा दिसतो याचे नियम माणसाने घालून दिलेले असत. नवी प्रणाली चित्रांच्या प्रचंड साठ्यातून ते स्वतः शिकते. स्वीडनमध्ये ८०,०३३ स्त्रियांवर झालेल्या 'मसाई' चाचणीचे पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आले. तेथे प्रत्येक मॅमोग्राम दोन तज्ज्ञांनी वाचण्याची रीत आहे. चाचणीत यंत्राने आधी प्रत्येक चित्राला जोखमीचा अंक दिला. कमी जोखमीची चित्रे एका तज्ज्ञाकडे आणि सर्वाधिक जोखमीची दोघांकडे गेली. हजारी ५.१ ऐवजी ६.१ कर्करोग सापडले, निरोगी स्त्रियांना उगाच बोलावण्याचे प्रमाण दोन्ही गटांत दीड टक्काच राहिले आणि वाचनाचे काम ४४ टक्क्यांनी हलके झाले. जर्मनीत ४,६३,०९४ स्त्रियांच्या निरीक्षणातून २०२५ मध्ये आलेला निष्कर्षही त्याच दिशेचा होता.

हे यश केवळ गणिताच्या नावावर लिहिता येत नाही. स्वीडनमध्ये प्रत्येक स्त्रीला ठरावीक काळाने बोलावणे जाते. शंका आल्यास पुढची तपासणी कुठे व्हायची हे ठरलेले असते. 'निर्दोष' ठरलेल्या एखादीला वर्षभराने कर्करोग झालाच, तर त्याची नोंद सापडते आणि यंत्राने काय सोडले ते कळते. अमेरिकेत यंत्र बाजारातून आले आणि त्याची मोठी पडताळणी मागाहून झाली; स्वीडनमध्ये चाचणीच्या शिस्तीतून त्याला प्रवेश मिळाला. दोन्हींत विसाहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी या फरकाकडे डोळेझाक करून चालणार नाही.

भारताची अडचण वेगळ्या जातीची आहे. स्वीडनमध्ये दोन तज्ज्ञांऐवजी एक पुरेल का, हा प्रश्न होता. येथे अनेक ठिकाणी एकही नाही. क्षयरोगाच्या संदर्भात ही उणीव जिवावर बेतते. जगातील क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भारतात आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणाने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. केवळ खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे विचारून रुग्ण शोधले असते, तर ४२.६ टक्के क्षयरुग्ण निसटले असते. ते एक्स-रेमुळे हाती लागले. एक्स-रे काढणे सोपे झाले, वाचणारे मिळेनात. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत माणसाऐवजी संगणकप्रणालीने एक्स-रे वाचण्यास मान्यता दिली, ती याच पार्श्वभूमीवर. या शिफारशीचे वेगळेपण ध्यानात घेण्याजोगे आहे. मॅमोग्राफीत यंत्र तज्ज्ञाच्या शेजारी बसते. येथे त्याला तज्ज्ञाच्या खुर्चीवरच बसवले आहे.

म्हणून येथे हिशेब अधिक काटेकोर हवा. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील एक लाख लोकांत फुफ्फुसाच्या क्षयाचे सुमारे ३१६ रुग्ण असतात. प्राथमिक चाळणीच्या चाचणीने किमान ९० टक्के रुग्ण पकडावेत आणि ७० टक्के निरोगी माणसांना निरोगी म्हणावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. या कसोटीला नेमकी उतरणारी प्रणाली एक लाख लोकांवर चालवली, तर ३१६ पैकी २८४ रुग्ण सापडतील आणि ३२ निसटतील. त्याच वेळी २९,९०० हून अधिक निरोगी माणसांच्या चित्रांवर चौकट उमटेल. म्हणजे चौकट उमटलेल्या शंभराहून अधिक लोकांत खरा रुग्ण एक. प्रत्यक्षात अधिक जोखमीच्या वस्त्या निवडल्या जातात आणि चांगल्या प्रणाली या किमान अपेक्षेपेक्षा सरस ठरतात, त्यामुळे चित्र इतके विषम राहत नाही. तरीही तत्त्व तेच राहते. रोग जितका विरळ, तितक्या खोट्या चौकटी अधिक. आणि त्या प्रत्येकीमागे थुंकीची तपासणी, एक हेलपाटा, बुडालेला रोज आणि 'मला क्षय झाला काय' या धास्तीत काढलेल्या काही रात्री असतात.

क्षयरोगापुरता पुढचा टप्पा तरी आवाक्यात आहे. थुंकीतील जंतूंची जनुकीय खूण ओळखणारे ट्रूनॅट हे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही चालते, आणि ते बनवणारी मोलबायो ही कंपनी गोव्यातलीच, वेर्णा येथील आहे, हे अनेक गोमंतकीयांनाही ठाऊक नसते. संगणकाने संशय घ्यायचा, ट्रूनॅटने खात्री करायची आणि औषध त्याच केंद्रातून सुरू करायचे, अशी साखळी जुळू शकते.

फुफ्फुसाच्या कर्करोगात ही साखळी लांब आणि कमकुवत आहे. छातीच्या एक्स-रेतील गाठीची शहानिशा सीटी स्कॅनशिवाय होत नाही. सीटीनंतर सुईने तुकडा काढणे, त्याची तपासणी, मग शस्त्रक्रिया अथवा औषधोपचार. शिवाय एक्स-रेच्या मर्यादेविषयी वैद्यकशास्त्राने स्पष्ट निवाडा दिलेला आहे. अमेरिकेतील १,५४,९०१ व्यक्तींच्या चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये आला: तेरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही दरवर्षी एक्स-रे काढलेल्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झालेले आढळले नाहीत. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत दीर्घकाळ भरपूर धूम्रपान केलेल्या लोकांचे कमी मात्रेचे सीटी स्कॅन केले गेले. एक्स-रे काढलेल्या गटाच्या तुलनेत तेथे हे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण त्या सीटीतही संशयास्पद ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६.४ टक्के अखेर कर्करोगाचे नव्हते. त्या चाचण्यांतील एक्स-रे माणसांनी वाचले होते आणि आजची प्रणाली बारीक गाठ अधिक चांगली हेरू शकेल, असा युक्तिवाद होतो. तो असंभवनीय नाही. मात्र त्यामुळे मृत्यू घटतात, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे.

अन्य कारणासाठी काढलेल्या एक्स-रेवरही प्रणालीची नजर फिरवावी, हा त्यामानाने समंजस मार्ग आहे. अपघाताने वा तापामुळे रुग्णालयात आलेल्या माणसाच्या फुफ्फुसातील गाठ निदान दुर्लक्षित तरी राहत नाही, आणि त्यासाठी निरोगी माणसावर वेगळा किरणोत्सर्गही होत नाही. अडचण आहे ती आपल्याकडच्या फुफ्फुसांची. बरा झालेला जुना क्षय जो वण मागे ठेवतो, तो एक्स-रेत कित्येकदा गाठीसारखाच दिसतो. क्षय विरळ झालेल्या देशांतील चित्रांवर शिकलेल्या प्रणालीला हा फरक समजेलच, अशी खात्री देता येत नाही. भारतीय कंपन्यांचे बळ येथे आहे, कारण त्यांना आपल्या मातीतील चित्रे मिळतात. तरीही मुंबईची चित्रे म्हणजे सत्तरीची चित्रे नव्हेत, आणि खाणपट्ट्यात आयुष्य घालवलेल्या कामगाराच्या छातीची तर नव्हेतच.

या बाबतीत यंत्रे चमत्कारिक लबाडी करतात, तीही नकळत. २०१८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी न्यूमोनिया ओळखणाऱ्या एका प्रणालीची उलटतपासणी केली. चित्र कोणत्या रुग्णालयातील आहे, हे त्या प्रणालीला जवळपास अचूक ओळखता येत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण फार होते, दुसऱ्यात विरळा; त्यामुळे रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर हाती येई. फिरत्या यंत्रावर काढलेल्या चित्राच्या कोपऱ्यातील खूणदेखील तिला पुरे, कारण उठता न येणाऱ्या आजारी माणसाचाच एक्स-रे खाटेपाशी काढतात. आपल्या घरच्या चित्रांवर उत्तम गुण मिळवणारी ही प्रणाली परक्या रुग्णालयात गेल्यावर बहुतेक वेळा फिकी पडली. कोणत्याही राज्याने अशी प्रणाली घेताना कंपनीच्या पुस्तिकेतील टक्केवारीवर विसंबू नये, आपल्याच केंद्रांतील काही हजार चित्रे तज्ज्ञांकडून स्वतंत्रपणे वाचून घेऊन ती ताडून पाहावी, हे यावरून उघड होते. खर्च फार नाही. इच्छा लागते.

'अखेरचा निर्णय डॉक्टरच घेतील' हे आश्वासन प्रत्येक करारात आणि प्रत्येक भाषणात असते. ते प्रामाणिक असले तरी पुरेसे नाही. २०२३ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सत्तावीस तज्ज्ञांना पन्नास मॅमोग्राम आणि त्यांबरोबर यंत्राचा म्हणून एक अभिप्राय देण्यात आला; काही अभिप्राय मुद्दाम चुकीचे होते. अभिप्राय बरोबर असताना नवख्या तज्ज्ञांची सुमारे ८० टक्के उत्तरे बरोबर आली. तो चुकीचा असताना जेमतेम २० टक्के. अत्यंत अनुभवी तज्ज्ञांचे प्रमाणही ८२ वरून ४६ टक्क्यांपर्यंत खाली आले. पंधरा-वीस वर्षे चित्रे वाचलेला डोळा जिथे यंत्रापुढे मान तुकवतो, तिथे तालुक्याच्या केंद्रात रांगेतल्या साठ रुग्णांना सामोरा जाणारा तरुण वैद्यकीय अधिकारी यंत्राला छेद देईल, ही अपेक्षा कितपत रास्त? आणि छेद दिला, पुढे रोग निघाला, तर जबाबदार कोण? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी २०२३ मध्ये नैतिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. त्या तत्त्वांना खटल्याच्या उलटतपासणीत किती वजन मिळेल, हे ठरायचे आहे.

माणसाचा डोळा अचूक असतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. २०१३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात फुफ्फुसाच्या सीटी चित्रांत गोरिलाची छोटी आकृती दडवून ठेवली होती. गाठी शोधण्यात गर्क असलेल्या चोवीसपैकी वीस तज्ज्ञांना ती दिसलीच नाही. थकलेल्या, घाईतल्या नजरेला सोबतीची गरज आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या सोबतीच्या अटींबाबत.

गोव्यापुरता विचार केला, तर या अटी पाळणे अन्य राज्यांहून सोपे आहे. उत्तर प्रदेश वा महाराष्ट्रासारख्या अवाढव्य राज्यात चौकट उमटलेला माणूस नंतर कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या खासगी रुग्णालयात गेला, हे शोधणे दुरापास्त असते. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख होती. एक सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि म्हापसा व मडगाव येथील दोन जिल्हा रुग्णालये यांतून सरकारी उपचारांचा मुख्य प्रवाह जातो. काणकोणच्या किंवा वाळपईच्या केंद्रात ज्याच्या छातीत गाठ दिसली, तो बांबोळीला सीटीसाठी पोहोचला की नाही, हे एका नोंदवहीत मावण्याजोगे काम आहे. पोहोचला नसेल, तर का? रोज बुडतो म्हणून, सोबत न्यायला कुणी नाही म्हणून, की 'आता काही त्रास नाही, मग कशाला' म्हणून? ही कारणे प्रणाली सांगू शकत नाही. ती आरोग्यसेविकेला दारात जाऊन विचारावी लागतात, आणि योजनेच्या खर्चात तिच्या या फेरीची तरतूद सहसा नसते.

जाहीर व्हायला हवेत ते आकडेही मोजकेच आहेत. किती चित्रे वाचली आणि किती जणांवर चौकट उमटली, हे तर कळतेच. त्यापुढे, त्यांतील कितींचे सीटी झाले आणि किती दिवसांनी. कितींचा तुकडा तपासला. कितींना कर्करोग वा क्षय निघाला आणि तो कोणत्या अवस्थेत. कितींचे उपचार सुरू झाले. आणखी एक आकडा, जो कुणालाच प्रिय नसतो: ज्यांना प्रणालीने निर्दोष ठरवले, त्यांपैकी किती जण पुढच्या दोन वर्षांत त्याच रोगाने गोमेकॉत दाखल झाले. कोणत्या उंबरठ्यावर यंत्र चालवले जाते आणि तो कुणी ठरवला, याचीही नोंद त्यांच्या शेजारी हवी. कर्करोगाची औषधे विकणारी कंपनी कर्करोग शोधण्याच्या कामात भागीदार असेल, तर त्यात आपोआप काही गैर ठरत नाही. पण अशा वेळी हिशेब तिऱ्हाइताने तपासणे त्या कंपनीच्याही हिताचे असते.

थायलंडमध्ये काही वर्षांपूर्वी मधुमेहींच्या डोळ्यांचा पडदा तपासणारी गुगलची प्रणाली अकरा दवाखान्यांत नेली, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत काढलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे तिने 'अस्पष्ट' म्हणून वाचायलाच नकार दिला. प्रयोगशाळेतील तिची कामगिरी तज्ज्ञांच्या तोडीची होती. दवाखान्यांत मात्र खोलीत अंधार पुरेसा नव्हता आणि चित्र पाठवायला इंटरनेट मंद होते. चित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या नेत्ररुग्णालयात पाठवायचे, असा नियम होता. त्यासाठी कामावरची रजा आणि वाहनाचा खर्च. काही परिचारिकांनी रुग्णांना आधीच सांगायला सुरुवात केली की, या तपासणीत भाग न घेतलेलाच बरा.